पळीबाई आणि दुपारचं पाणी

भांडण कोठाराच्या आत चाललं होतं आणि ती कोठाराच्या मागे ओली पोती पिळत होती. मुद्दाम ऐकायला बसली नव्हती. पण भांडण आपण होऊन कानात शिरलं तर काय करणार, कानाला काही झाकण नसतं, आणि नव्या सुनेच्या कानाला तर नसतंच नसतं.

भांडत होते सासूसासरे, आणि विषय होता एका लाकडी पळीचा.

"पोटच्या पोराला पाणी कळत नाही, असं भर मिठागरात ओरडून सांगणार का तुम्ही?" सासू विचारत होती.

सासरे सावकाश बोलणारे. "ओरडतोय कुठे? तुलाच तर सांगतोय. तो दुपारी पाणी बघतो. दुपारचं पाणी तोंडावर गोड बोलतं, आणि त्याला गोड बोलणारं कुणीही आवडतं."

"आणि त्या सरसवाल्याच्या पोरीला कळतं? येऊन चार दिवस नाही झाले तोवर चिकटली?"

"तिला थेंब बघता येतो."

यावर सासू जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. बाहेर सुनेच्या हातातलं पोतं पिळून पिळून दोरखंडासारखं झालं होतं. तिला पुढे सगळे पळीबाई म्हणू लागले, तेच नाव इथे घेऊ. तेव्हा मात्र ती नुसती सूनबाई होती, आणि सूनबाईला त्या घडीला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं.

मिठागर म्हणजे काही जादू नव्हे. समुद्राचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घ्यायचं, तिथून दुसऱ्या तळ्यात, तिथून तिसऱ्यात. ऊन पाणी पितं पण मीठ पीत नाही. त्यामुळे पाणी पुढे सरकेल तसं खारट होतं, जड होतं, दाट होतं. शेवटी ते उथळ वाफ्यांत आलं की तळाशी मीठ धरायला लागतं. इथवर कुणीही करील. खरी गोम त्यापुढे आहे. मीठ खाली बसलं तरी वर पाणी उरतंच, आणि ते उरलेलं पाणी कडू असतं. समुद्राच्या पोटात जे जे म्हणून कडू, ते सगळं त्यात गोळा होतं. ते तेलासारखं होत जातं. वारा आला तरी त्याच्यावर धड लाट उठत नाही; उठली तरी आळशासारखी तिथल्या तिथे लोळते. बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं. हे कडू पाणी वेळ साधून बांधातल्या झडपेच्या मोरीतून सोडून द्यावं लागतं. घाई केली तर चांगलं मीठही त्याच्याबरोबर वाहून जातं. उशीर केला आणि वर संध्याकाळचा गारठा पडला, तर त्या पाण्यात सुयांसारखे बारीक काटे धरतात आणि मिठावर बसतात. तसलं मीठ खाल्लेला माणूस ताटावरून उठतो तो थेट परसाकडे धावतो.

आता दुपारचं पाणी खोटं का, तर तापलं की दाट पाणीही पातळ होतं. भर उन्हात ते असं झुळझुळ वाहतं की वाटावं, अजून बराच अवकाश आहे. सूनबाईला हे मिठागरात येण्याआधीच ठाऊक होतं, कारण तिच्या माहेरी सरस शिजवायचे, सुतारांना लागतो तो. कढईतला सरस उकळता असताना पाण्यासारखा ओघळतो. गार पाटीवर थेंब टाकला की कळतं त्याचं खरं रूप. तिची आई म्हणायची, गरम असताना कुणाचाच भरवसा धरू नये, सरसाचा नाही आणि तुमच्या बापाचाही नाही.

सासऱ्यांनी एकदा पहाटे तिला पळी धुवायला दिली होती. धुण्याआधी तिने सवयीने ती उचलून धरली, काठावरच्या शेवटच्या थेंबाकडे बघितलं आणि सहज म्हणाली, काल हा लगेच तुटत होता, आज लोंबतोय. म्हाताऱ्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं काही घरात हरवलेली वस्तू त्याला परक्या माणसाच्या हातात दिसली.

भांडण मिटलं ते सासूच्या अटीवर. पळी सुनेच्या हातात, पण मोरीची झडप पोराच्या हातात. आणि बाहेर चकार शब्द जायचा नाही. मग सासऱ्यांनी युक्ती काढली. कोठाराच्या दाराशी एक खुंटी होती. पहाटे सुनेने वाफ्यांवर जायचं, पाणी बघायचं, आणि पळी खुंटीला लावायची. पळीचं तोंड बाहेर असलं तर थांबायचं. भिंतीकडे असलं तर त्या दिवशी पाणी सोडायचं. दुपारी नवरा कोठारावरून जाईल, खुंटीकडे एक नजर टाकील, आणि जे करायचं ते करील. पहाटे बघायचं आणि दुपारी सोडायचं, कारण दाट पाणी तापलेलं असतानाच जरा पाय उचलतं. संध्याकाळ झाली की ते रांगायला लागतं.

नवरा माणूस वाईट नव्हता. उंचापुरा, हसतमुख, चार माणसांत उठून दिसणारा. सगळे त्याला दादा म्हणायचे. दुपारी तो विजार गुडघ्यापर्यंत दुमडायचा, वाफ्यात उतरायचा, ओंजळीत पाणी घ्यायचा, आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "हं." त्या 'हं'ला मिठागरात फार मान होता. भाऊबंदांची चार घरं होती, चौघांचे वाफे एका ओळीत आणि सगळ्यांना मिळून मोरी एकच. 'हं' ऐकू आलं की चारी घरांची माणसं आपापले बांध फोडायची आणि दादा झडप उचलायचा. सासऱ्यांनी थोरलेपणा म्हणून मोरीपासून सगळ्यात लांबचे वाफे आपल्या घराला घेतले होते. पाणी निचरायला तिथेच सगळ्यात उशीर.

पळीचं गुपित नवराबायकोंनी आपसातही कधी तोंडातून काढलं नाही. तो फार तर भिंतीकडे बघून म्हणायचा, आज ऊन बरं आहे. ती चुलीकडे बघून म्हणायची, हो, बरंच बरं आहे. एवढ्यावर संसार चालला. सासरे गेले, तरी चालला. मिठागरातल्या बाकीच्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. चार घरांत कसलं गुपित राहतं? पण मीठ पांढरंशुभ्र येत होतं, दादाचं 'हं' कानाला बरं वाटत होतं, आणि झाकली मूठ उघडायची कुणाला हौस नव्हती.

हौस होती फक्त नणंदेच्या नवऱ्याला. हा जावई मालाची गाडी हाकायचा; मीठ तोच भरून न्यायचा. जावई म्हणून त्याला कुणी उलटून बोलायचं नाही आणि तेवढ्याच जोरावर त्याची जीभ चालायची. एकदा चहाच्या वेळी सगळे बांधावर बसले होते. दादाने काहीतरी सल्ला दिला, गाडीत पोती कशी रचावीत असा काहीतरी. जावई हसला आणि म्हणाला, "दादा, आज पळी कुठे बघतेय? बाहेर की भिंतीकडे? नाही, म्हटलं तुमची अक्कल त्या बाजूला तोंड करून उभी राहते म्हणतात."

कुणीतरी फिसकन हसलं. बाकीचे कपात बघत राहिले. दादाने चहा तसाच जमिनीवर ओतला, उठला आणि निघून गेला. पळीबाई किटली घेऊन तिथेच उभी होती. तिने बशा गोळा केल्या. तिला वाटलं, आज ना उद्या निवळेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने पळी बुडवली आणि उचलली. पहिले थेंब भरभर पडले. शेवटचा लांबला, बारीक झाला, लोंबला, तुटता तुटेना. तिने कोठाराशी येऊन पळीचं तोंड भिंतीकडे केलं आणि घरी गेली. दुपार झाली. 'हं' काही ऐकू आलं नाही. बांध फुटले नाहीत. ती पाण्याची कळशी भरायच्या निमित्ताने कोठारावरून गेली. खुंटीवर पळी होती, तोंड बाहेर.

वाऱ्याने फिरली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. पहाटे थेंब आणखी लांबला होता, आणि एका वाफ्याच्या कोपऱ्यात, जिथे सावली जास्त वेळ असते, तिथे चार-दोन काटे धरलेले होते, काचेच्या सुयांसारखे. तिने बोटाने मोडले. जीभ लावली, थुंकली. वारा जमिनीकडून येत होता, कोरडा, आणि आभाळात ढगाचा पुंजका नव्हता. असल्या दिवशी ऊन पडतं कडक, आणि सूर्य बुडाला की गारठाही पडतो कडक. काल कोपऱ्यात धरले होते ते आज सगळीकडे धरणार होते. तिने पळी पुन्हा भिंतीकडे केली आणि दोन पावलं मागे सरून बघितली, जसं काही पळीला बजावत होती.

नाश्त्याला तिने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"अहो, पाणी..."

"पाणी मी बघतो," तो म्हणाला.

"आज सोडायला हवं."

"काल माझ्या हाताने बघितलंय. पातळ आहे."

"दुपारी बघितलंत."

"हो, दुपारी. माझं डोकं दुपारी चालतं. कुणाचं पहाटे चालतं, कुणाचं दुपारी." तो उठला. दारात थांबला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "ती पळी आता धुऊन घरात ठेव. खुंटीला नको."

तो गेल्यावर ती कोठाराशी गेली. पळी खुंटीवर नव्हती. खाली मातीत पडली होती. वाऱ्याच्या माथी आता काही मारता येणार नव्हतं.

दुपार चढली. तिने घराच्या दारातून बघितलं, दादा वाफ्यात उतरला, ओंजळ भरली, पाणी बोटांतून झरझर गळालं, आणि त्याने हात झटकले. 'हं' म्हणालाच नाही. नुसती मान हलवली. माणसं आपापल्या कामाला लागली. त्याने नाही म्हटल्यावर कोण विचारणार?

जाऊ तेवढ्यात आली, धाकट्या दिराची बायको. तिचे वाफे मोरीपासून दुसरे. म्हणाली, "वहिनी, दादा अजून का सोडत नाहीत? आमच्या वाफ्यातून मी चालत आले तर चप्पल उचलेना. पाण्यात आहे की गुळात आहे कळेना. ह्यांना म्हटलं तर म्हणतात, दादा बघतायत ना, तू कशाला बोलतेस."

"बघतायत ते," पळीबाई म्हणाली.

"नाही, आमचं सगळं त्यातच आहे म्हणून विचारलं."

जाऊ गेली. चारी घरांचं सगळं त्यातच होतं. वर्षभर पाणी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात सरकवायचं ते या काही दिवसांसाठी. मीठ तळाशी तयार होतं, हाताला लागत होतं, आणि त्याच्यावर ते कडू पाणी झोपलं होतं.

ती सासूकडे गेली. म्हातारी खोलीत पलंगावर बसून सुपारीएवढ्या गाठी पडलेल्या बोटांनी लोकर सोडवत होती. डोळे अधू झाले होते, पण कान जागच्या जागी होते. सुनेने सगळं सांगितलं, टोमण्यापासून मातीत पडलेल्या पळीपर्यंत. म्हणाली, मी जाऊन झडप उचलते. तुम्ही हो म्हणा.

म्हातारीने लोकर मांडीवर ठेवली. "सगळ्यांच्या देखत?"

"सगळे तिथेच आहेत. जावईसुद्धा."

"म्हणजे तो परवा बोलला ते खरंच होतं, असं तू आज जाऊन सांगणार." म्हातारीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ऐक. तू त्याच्या झडपेला हात लावलास, तर परत या घरात पाय ठेवू नकोस. मीठ पुन्हा करता येतं. माणूस चार लोकांत पडला की पुन्हा उभा नाही राहत."

"आणि बाकीच्या तीन घरांनी काय करायचं?"

"ते मला नको विचारूस."

पळीबाई बाहेर आली. मोरीकडे धावावं असं वाटत होतं आणि माहेरी निघून जावं असंही वाटत होतं, पण माहेरी आता सरसही उरला नव्हता आणि आईही. ती परसात उभी राहिली. भिंतीशी मातीचं मडकं पालथं होतं.

झडपेला हात लावायचा नाही, एवढंच म्हातारी म्हणाली होती. पाण्याला लावायचा नाही असं नव्हती म्हणाली.

तिने मडकं घेतलं, आपल्या घरच्या वाफ्यावर गेली, आणि तापलेलं पाणी भरून आणलं. दुपारचं, गोड बोलणारं. मडक्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि घराच्या मागच्या सावलीत, जिथे वारा थेट लागतो तिथे, दगडावर ठेवलं. मग दुसऱ्या दगडावर बसली.

आता वाट बघण्यावाचून काही नव्हतं, आणि वाट बघणं हेच सगळ्यात जड होतं. लवकर उचलावं तर पाणी कोमट राहणार, पळीतून झुळझुळ पडणार, आणि ती सगळ्यांसमोर वेडी ठरणार. उशीर करावा तर पाणी गार होईल, थेंब छान लोंबेल, पण तोवर वाफ्यांतलं पाणीही गार व्हायला लागेल, आणि गार झालेलं ते पाणी मोरीतून निघता निघणार नाही. फडकं वाळत होतं. ती ते पुन्हा भिजवत होती. मडक्याला हात लावून बघत होती, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा. कोठाराची सावली आधी भिंतीच्या बुडाशी होती, मग रस्त्यावर आली, मग रस्ता ओलांडून गवताला लागली. गवताला लागली तेव्हा तिने पळी मडक्यात घातली. काढली तेव्हा पळीच्या मागच्या बाजूला काहीतरी चमकलं. एक सुई, नखापेक्षाही लहान.

ती उठली. मडकं कडेवर घेतलं. आईने शिकवलेलं तिच्या कामाला येत होतं, पण आई जवळ असती तर बरं झालं असतं.

बांधावर सगळे बसले होते. चारी घरचे पुरुष, दोन बायका, आणि गाडीला टेकून उभा असलेला जावई. ती आलेली बघून दादाचं तोंड उतरलं. तिला वाटलं होतं तो रागवेल. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती.

"पाणी आणलंय," ती म्हणाली.

जावई तहानलेला होता. त्याने सरळ हात पुढे केला. तिने मडकं दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हे तुमच्यासाठी नाही, जावईबापू. हे प्यालात तर घरी पोचेपर्यंत गाडी दहा ठिकाणी थांबवावी लागेल."

माणसं हसली. जावईही हसला, पण जरा उशिरा. त्या हसण्यात तिने दादाच्या समोर मडकं ठेवलं आणि पळीचा दांडा त्याच्याकडे केला. पळी तिने स्वतः बुडवली नाही. हळूच म्हणाली, "तुम्हीच दुपारी बघितलेलं पाणी आहे. सावलीत ठेवलं होतं. गार झाल्यावर कसं होतं ते एकदा तुम्ही बघा."

दादा पळीकडे बघत राहिला. त्याने ती घेतली नसती, लाथेने मडकं उडवलं असतं, तरी कुणी त्याला अडवलं नसतं. वारा थांबला होता. त्याने पळी घेतली, बुडवली आणि वर धरली.

पाणी काठावरून घसरलं. पडलं नाही, घसरलं. मग थेंब व्हायला लागले, एकेक, जाड, आणि शेवटचा असा लांबला की त्याच्या शेपटीतून पलीकडचं ऊन दिसत होतं. दादाने बोट आत घालून मडक्याच्या कडेवरून फिरवलं, आणि बोट बाहेर काढून बघितलं. बोटाला काटे लागले होते.

त्याने बोट विजारीला पुसलं.

"कधी लावलीस भिंतीकडे?" त्याने विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"काल. आणि आज."

"काल मी फिरवली," तो म्हणाला. "आज फेकली."

मग तो उठला. जावयाकडे वळून म्हणाला, "तू म्हणालास ते बरोबर आहे. अक्कल तिकडेच आहे. आता गाडी सोड आणि फावडं घे." आणि विजार न दुमडताच मोरीकडे पळत सुटला.

झडप उघडली. बांध फुटले. पण पाणी धावलं नाही. ऊन उतरायला लागलं होतं आणि पाणी मोरीकडे असं निघालं होतं जसं कुणी सासरी निघालेलं असतं. एरवी जे दुपारभरात निचरतं ते आता सूर्य बुडायच्या आत निचरायचं होतं. मग माणसांनी फावडी घेतली, फळ्या घेतल्या, आणि पाणी पुढे ढकलायला सुरुवात केली. पायाखाली मीठ, त्यावर तेलासारखं पाणी. एक पाऊल टाकावं तर दुसरं घसरतं. जोरात ढकललं तर खालचं मीठ ढवळून निघतं, हळू ढकललं तर वेळ जातो. दादा ओरडत नव्हता. प्रत्येक घराच्या वाफ्यात जाऊन तो बायकोला विचारत होता, इथे अजून किती? आणि ती पळी बुडवून सांगत होती, इथे पुरे, पुढे चला. त्याने विचारलेलं आणि तिने सांगितलेलं सगळे ऐकत होते. जावई घोट्यापर्यंत कडू पाण्यात उभा राहून फळी लोटत होता आणि पहिल्यांदाच गप्प होता.

मोरीजवळचे वाफे निचरले. जावेचे निचरले. तिसऱ्या घराचे निचरत आले तेव्हा सूर्य जमिनीला टेकला, आणि गारठा असा उतरला, जसं कुणी दार उघडं टाकलंय. शेवटचे वाफे उरले ते दादाच्या घरचे. त्यातलं पाणी ढकलायला दोघंच होते. बाकीचे दमून बांधावर बसले होते. त्याने फळी लावली. तिने हात धरला.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "काटे धरले."

वाकून बघितलं तर खरंच, पाण्याखाली पांढऱ्यावर पांढरं उगवत होतं, गवतासारखं. दोघं तिथेच उभे राहिले. इतरांचं वाचलं होतं, त्यांचं गेलं होतं. मग त्याने तिच्या कडेवरचं मडकं घेतलं, रिकामंच होतं, तरी घेतलं, आणि ते घराकडे निघाले.

म्हातारी दारातच होती. तिने पोराला काही विचारलं नाही. सुनेला विचारलं, "झडपेला हात लावलास?"

"नाही."

"मग दारात काय उभी राहिलीस? ये आत. जेवण गार होतंय." जेवताना तिने सुनेच्या ताटात दोनदा वाढलं.

त्या वर्षी त्यांच्या घरच्या वाफ्यांतलं मीठ चामडी कमावणाऱ्यांनी नेलं, खायला कुणी घेतलं नाही. पळीबाई हे नाव त्याच दिवसांत पडलं. आधी जावयाने थट्टेने घेतलं, मग जावेने लाडाने घेतलं, मग सगळ्यांनीच घेतलं. दादाचं दुपारचं 'हं' बंद झालं ते झालंच. मिठागराला काही दिवस चुकल्यासारखं वाटलं, कारण त्या 'हं'मध्ये एक रुबाब होता. मग एका पहाटे ती निघाली तर हा दारात पायताण घालून उभा. म्हणाला, "चल. मलाही दाखव." तिने दाखवलं. त्याला काही ते फारसं जमलं नाही, हे खरं सांगायला हवं. थेंब तुटायच्या आधीच तो म्हणायचा, तुटला. ती म्हणायची, थांबा की. पण तो रोज जायचा, आणि वाटेत कुणी भेटलं आणि विचारलं, काय दादा, पाण्याचं काय, तर तो बायकोकडे हात करायचा. "तिला विचार. मी नुसता सोबतीला."

पुढे मिठागरात पाण्यात तरंगत ठेवायची काचेची नळी आली, आकडे दाखवणारी. दादाला तिचं फार कौतुक. तो नळी बघायचा, ती थेंब बघायची, आणि दोघांचं जमलं की दोघं खूश व्हायचे. नाही जमलं की घरी येईपर्यंत वाद. म्हातारी तोवर गेली होती, नाहीतर तिने नळीचीच बाजू घेतली असती.

मग दादाचे गुडघे गेले. तो खिडकीशी पलंगावर पडून असायचा आणि ती एकटीच जायची, हळूहळू, बांधाला हात लावत. मोरीवर आता दिराचा मुलगा होता. ती पहाटे पाणी बघायची, येताना दोन कळश्यांऐवजी एकच कळशी गोडं पाणी घेऊन यायची, आणि दारात पाऊल टाकायच्या आत दादा खिडकीतून विचारायचा, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात.

तिच्या शेवटच्या दिवशीही तसंच झालं. ती जरा दमून आली होती. वाटेत दोनदा बसली, असं नंतर शेजारणीने सांगितलं. पण थेंब बघितला होता, पळी धुतली होती, कळशी भरली होती.

"काय म्हणतंय पाणी?" खिडकीतून आवाज आला.

"उद्या," ती म्हणाली. "आज नको, अजून तुटतंय. उद्या दुपारी सोडा म्हणावं."

"सांगितलंस त्याला?"

"सांगून आले."

तिने कळशी ठेवली, त्याचा चहा गाळला, कप त्याच्या हाताशी ठेवला आणि कपाची दांडी त्याच्याकडे वळवली. मग आपला कप घेऊन पलंगाच्या पायथ्याशी बसली.